घास अडतो कुठे?

‘भरवणं’ हा आपल्या भाषेतला किती साधा शब्द आहे! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘फीडिंग’ हा शब्द मला पुस्तकात भेटला. पण त्यात काऊ-चिऊचा घास नाही, मांडीवर बसवणं नाही, की ‘हा शेवटचा हं’ असं दहा वेळा खोटं सांगणंही नाही. भरवणं म्हटलं की आई आणि लेकरू डोळ्यांसमोर येतं आणि सगळं कसं गोड वाटतं. पण मित्रांनो, काही घरांमध्ये हाच शब्द दिवसातून चार वेळा रडारड घेऊन येतो. एक वाटी वरण-भात पोटात जायला तिथे तास-दीड तास लागतो. लेकरू मान मागे टाकतं, दातांत चमचा आवळून धरतं, ठसकतं, निम्मं अन्न जिभेने बाहेर ढकलतं. आई थकते, लेकरू थकतं आणि वाटी अर्धी तशीच राहते.

ही मुलं म्हणजे ज्यांची वाढ आणि विकास वयाच्या मानाने मागे राहिलाय अशी मुलं. कुणाला सेरेब्रल पाल्सी आहे, कुणाला डाउन सिंड्रोम, कुणी स्वमग्न आहे. ही काही मोजकी मुलं आहेत असं समजू नका. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २ ते ९ वर्षांच्या सुमारे आठ मुलांमागे एकाला मेंदूच्या विकासाशी संबंधित काहीतरी अडचण असते. आणि अशा मुलांपैकी ८० टक्क्यांपर्यंत मुलांना खाण्यापिण्याचा कसला ना कसला त्रास असतो, असं वैद्यकीय साहित्यात नेहमी सांगितलं जातं.

या लेखात मला दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, ही मुलं ‘खात नाहीत’ असं म्हणणं बंद करा, कारण त्यांना खाता येत नाही. दोन, खाता येण्यासाठी जे शिकवावं लागतं ते मोठ्या शहरातल्या थेरपी सेंटरमध्ये ठेवून उपयोग नाही. ते वाशिम जिल्ह्यातल्या अंगणवाडीत आणि घरातल्या चुलीपाशी पोचलं पाहिजे.

आधी पहिली गोष्ट. आपण घास गिळतो तेव्हा नेमकं काय होतं याचा विचार आपण कधी करत नाही, कारण ते आपोआप होतं. ओठ मिटायला हवेत, जिभेने अन्न गोळा करून मागे न्यायला हवं, मग स्वरयंत्र वर उचललं जाऊन श्वासाची वाट बंद व्हायला हवी आणि श्वास क्षणभर थांबायला हवा. घशातला हा शेवटचा टप्पा साधारण एका सेकंदात उरकतो. वीस-पंचवीसहून अधिक स्नायू ठरलेल्या क्रमाने काम करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे टायमिंगचं सर्किट आहे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेशच विस्कळीत असतात, त्यामुळे हे टायमिंग चुकतं. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात आणि जीभ पुढे येते. स्वमग्न मुलाचे स्नायू ठीक असतीलही, पण भाताचा चिकटपणा, फोडणीचा वास किंवा ताटात एकमेकांना लागलेले दोन पदार्थ त्याला सहनच होत नाहीत. त्यातच कुणाला अन्न घशाशी येण्याचा त्रास असतो, कुणाचे दात किडलेले, कुणाला बद्धकोष्ठ, तर कुणाची भूक फिटच्या औषधाने मेलेली. यातलं काहीच ‘नखरे’ या सदरात बसत नाही.

परिणाम मात्र सरळ हिशेबाचे आहेत. पोटात कमी गेलं की वजन वाढत नाही. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की छाती भरते, न्यूमोनिया होतो, पुन्हा पुन्हा होतो. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावतात आणि घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरतं. मग ग्राम बाल विकास केंद्रात त्याला जास्तीचा आहार सुरू होतो. हे चांगलंच आहे. पण ज्याला दोन घासांत ठसका लागतो, त्याच्यासमोर अजून एक वाटी ठेवून काय होणार? नळ चोंदला असेल तर टाकी मोठी करून पाणी येत नाही. वजनाची नोंद होते, आहाराची नोंद होते, पण ‘जेवायला किती वेळ लागतो? ठसका लागतो का? पाणी पिताना डोळ्यांत पाणी येतं का? आवाज घोगरा, ओलसर होतो का?’ हे चार प्रश्न विचारले जात नाहीत. एका जेवणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नेहमीच लागत असेल, तर तिथेच धोक्याची घंटा वाजायला हवी.

आणि दोष कोणाच्या माथी? अर्थातच आईच्या! रिसोड तालुक्यात माझ्या मामाच्या गावी शेजारच्या घरात असं एक चार वर्षांचं लेकरू होतं. त्याची आजी येता-जाता सुनेला म्हणायची, “काऊन वं, पोराले नीट खाऊ नाई घालत काय तू? कसं वायलं हाडकुळं!” ती बिचारी त्याला मांडीवर आडवं घेऊन, तोंड उघडलं की दूध ओतायची. कारण बसवलं तर ते एका बाजूला कलंडायचं. शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून ती अकोल्याला एका फिजिओथेरपिस्टकडे गेली. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, एक दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. तिथे तिला तासाभरात एवढंच शिकवलं, की दोन भिंतींच्या कोपऱ्यात त्याला टेकवून बसव, दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या लाव, पुढ्यात पाट ठेव, आणि तू समोर बसून भरव. तीनेक आठवड्यांत ठसका पुष्कळ कमी झाला. लेकरू चालायला लागलं नाही, बोलायला लागलं नाही. पण घरातल्या बाकीच्यांसारखं बसून जेवायला लागलं! चार वर्षं त्या घराला हे कोणी का सांगितलं नव्हतं, हा माझा प्रश्न आहे.

आता ‘शिकवायचं’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी, गल्लीत असं मूल असेलच.

पहिलं बसणं. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, तळपाय कशावर तरी टेकलेले, डोकं सरळ आणि हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की श्वासाची वाट उघडी पडते, म्हणून वरून खाली भरवायचं नाही. लेकराच्या डोळ्यांच्या रेषेत समोर बसायचं. आडवं पाडून, नाक दाबून, जबरदस्तीने तर कधीच नाही.

दुसरं चमचा. लहान, उथळ आणि चावला तरी तुटणार नाही असा. घास जिभेच्या मध्यावर ठेवून हलकासा दाब द्यायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं आणि चमचा सरळ बाहेर काढायचा. वरच्या दातांवर खरवडायचा नाही. आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

तिसरं अन्नातली ताकद. पोटात थोडंच जाणार असेल तर त्या थोड्यात जास्त भरलं पाहिजे. तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, पिठा-साखरेच्या एका ग्रॅममधून ४. म्हणजे वरणात टाकलेलं एक छोटा चमचा तेल साधारण ४० ते ४५ कॅलरी देऊन जातं, आणि वाटी मोठी होत नाही. शेंगदाण्याचं बारीक कूट, गूळ, घोटलेलं वरण हे सगळं आपल्या घरातच असतं. फक्त अख्खे दाणे, फुटाणे अशा मुलाच्या तोंडात द्यायचे नाहीत.

स्वमग्न मुलांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे घाई केली की आधीचे चार पदार्थही बंद होतात. आवडीच्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ नुसता ठेवायचा. आज बघेल, उद्या हात लावेल, परवा वास घेईल. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर एखादा पदार्थ स्वीकारला जातो. वेळ तीच, जागा तीच, आणि एका वेळी एकच छोटा बदल.

चौथी गोष्ट आपल्या अभ्यासातली आहे, घट्टपणा म्हणजेच व्हिस्कॉसिटी! फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण तेलाची व्हिस्कॉसिटी काढतो, जर्नल पूर्ण करतो आणि विसरून जातो. गिळण्याचं टायमिंग मंद असलेल्या मुलाला सगळ्यात धोकादायक काय, तर साधं पाणी! कारण ते इतकं पटकन पळतं, की श्वासाची वाट बंद व्हायच्या आत घशात पोचतं. म्हणून काही मुलांना पातळ पदार्थ थोडा दाट करून द्यावा लागतो. पण ‘थोडा दाट’ म्हणजे किती? मुंबईचा थेरपिस्ट आणि मानोऱ्याची आई यांचं ‘थोडं’ एकच कसं असणार? यासाठी २०१३ साली इड्सी नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आणि त्यांनी ० ते ७ अशा पातळ्या ठरवल्या. त्यांची चाचणी इतकी सोपी आहे की मला ती वाचून हसूच आलं. १० मिलीची सिरिंज घ्यायची, जिच्यावर शून्य ते दहाच्या खुणेचं अंतर ६१.५ मिमी असेल. सुई नाही, दट्ट्या काढलेला. खाली बोट लावून १० मिलीपर्यंत भरायची, बोट काढायचं आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा लावायचं. उरलं किती ते बघायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे पाण्यासारखं. १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ तर पातळी २, आणि ८ पेक्षा जास्त उरलं तर पातळी ३. झालं! काही रुपयांची सिरिंज आणि मोबाइलचं घड्याळ.

यात आपल्या पदार्थांचा अभ्यास करायला केवढा वाव आहे बघा. ज्वारीची आंबील, तांदळाची पेज, मुगाचं घोटलेलं वरण, ताक, प्रत्येकाची पातळी काढून अंगणवाडीच्या भिंतीवर एक तक्ता लावता येईल. त्यातही गंमत आहे. गरम असताना पातळ असलेली पेज गार झाली की घट्ट होते, म्हणजे मोजायची ती भरवताना जशी असेल तशी. उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला की लाळेतल्या एंझाइममुळे पिठाची पेज हळूहळू पातळ होते. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून घ्यावं. उलट मोड आणून दळलेलं थोडं पीठ मुद्दाम मिसळलं तर शिजवताना लापशीचा घट्टपणा कमी होतो, मग तेवढ्याच घट्टपणात जास्त पीठ, म्हणजे जास्त ताकद बसवता येते. आपल्या आज्या नाचणीला मोड आणून सत्त्व करायच्या ते उगीच नाही. कोणत्या मुलाला कोणती पातळी हे मात्र तज्ज्ञानेच ठरवायचं. काही मुलांना तर तोंडाने भरवणं सुरक्षितच नसतं, त्यांना नळी लागते. त्यात आई हरली असं काही नाही.

आता दुसरी गोष्ट, हे सगळं पोचवायचं कोणी?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आलं. कारंजा-मालेगाववरून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तिथे गाड्या ताशी १२० च्या वेगाने जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. या सगळ्याचा मला अभिमान आहे. बालकांसाठीची योजनाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, विकासातला विलंब हा त्यांच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावं, तिथे फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ असावेत, अशी रचना आहे.

पण साधं गणित करू. लेकरू दिवसातून चार वेळा खातं, म्हणजे वर्षाला १४६० वेळा. जिल्ह्याचं केंद्र अगदी उत्तम चाललं, आई न चुकता दर महिन्याला मजुरी बुडवून आली, तरी तज्ज्ञासमोर होणारी जेवणं १२. उरलेली १४४८ जेवणं घरीच होणार ना! म्हणून तज्ज्ञाचं काम तपासणं, ठरवणं आणि शिकवणं. आणि रोजचा आधार मात्र गावातच पाहिजे. गावात रोज कोण असतं? अंगणवाडी सेविका. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. म्हणजे अशी मुलं ओळखणं आणि सामावून घेणं हे अंगणवाडीचं काम आहे, हे कागदावर मान्य झालेलं आहे. त्यात भरवण्याचं प्रात्यक्षिक आलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

कोणी म्हणेल, त्या बायकांवर आधीच किती ओझं आहे! अगदी खरं आहे. आहार, लसीकरण, सर्व्हे, मोबाइलवरच्या नोंदी... मानधन आणि हक्कांसाठी त्यांना डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप करावा लागला. म्हणून फुकटचं अजून एक काम लादा असं मी म्हणत नाही. प्रशिक्षणाचे दिवस भरपगारी धरा, या कामाचा वेगळा भत्ता द्या, आणि त्या बदल्यात दोन निरर्थक रजिस्टरं बंद करा. शिकायला फार वेळ लागत नाही याचा पुरावा आहे. ढाक्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांना भरवण्याचं कमी खर्चाचं प्रशिक्षण दिलं गेलं, त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. अवघ्या चार-सहा सत्रांत मुलांच्या छातीचे त्रास कमी झाले, जेवताना मुलं साथ देऊ लागली, आयांचा ताण उतरला. आपल्याकडे मुंबईत २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेली ‘उम्मीद’ ही संस्था वस्तीपातळीवर काम करणाऱ्यांनाही प्रशिक्षण देते. जे ढाक्याच्या गरीब वस्त्यांत होतं, ते मंगरुळपीरला का होणार नाही?

आता जरा आपल्याकडे वळू. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी लाकडाचा लॅप जॉइंट केला. कानशीने घासून घासून फिटिंगचा जॉबही केला. सबमिशन झालं, सही झाली, आणि तो जॉब भंगारात गेला. दरवर्षी शेकडो मुलं, शेकडो जॉब! त्याऐवजी एका बॅचने मिळून एक बसायची खुर्ची केली तर? मागची पाठ काटकोनात, दोन्ही बाजूंना आधार, मध्ये पट्टा, पुढे ट्रे, आणि पाय टेकायला वर-खाली होणारी फळी. यात लॅप जॉइंट आहे, ड्रिलिंग आहे, ड्रॉइंग आहे, व्हायवाला विचारण्यासारखंही बरंच आहे. कानपूरच्या अलिम्कोकडून सरकारी योजनेत अशा मुलांसाठी खुर्च्या मिळतात, पण लेकरू वाढतं आणि खुर्ची तेवढीच राहते. ती दुरुस्त करणारं, माप बदलून देणारं कोणीतरी जवळ हवं. शिवाय एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतंच. पथनाट्य आणि वृक्षारोपणाला माझा विरोध नाही, पण त्यातले दोन दिवस फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन खुर्च्यांची मापं घेता येतील. माप मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं. चुकीची खुर्ची ही नुसत्या गोधडीपेक्षा वाईट.

आणखी एक काम आपण आजच करू शकतो, माहिती पोचवण्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे, त्याचं यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो. हे फॉर्म ऑनलाइन असतात. दिवसभर मोबाइलवर असणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपापल्या गावातल्या एका घराचा फॉर्म भरून दिला तर काय बिघडतं?

येत्या सुट्टीत गावी गेलात आणि कोणी ‘ते पोट्टं खातच नाई’ असं म्हटलं, तर तिथे मान डोलावून पुढे जाऊ नका. ते कसं बसतं, किती वेळ जेवतं, पाणी पिताना ठसकतं का, एवढं विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर त्या आईला सांगा, की बाई, यात तुझं काही चुकलेलं नाही, हे शिकता येतं. मग अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेऊन तिला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवा. एसटीचं तिकीट आपल्या एका पिक्चरच्या तिकिटापेक्षा महाग नाही.